१९ दिवस उघड्या राहिलेल्या एका तिकिटाबद्दल

प्रति,
सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ग्राहकसेवेचे आकडे ज्यांच्या टेबलावर जातात, त्या सर्व अधिकाऱ्यांस,

स.न.वि.वि.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे कौतुकाचं पत्र लिहिण्याची फारशी सवय नाही. तरी लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी एका कंपनीच्या मदतकक्षातल्या एका व्यक्तीने माझं अडलेलं काम असं सोडवलं की दोन महिने झाले तरी ते डोक्यातून जात नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. भीड म्हणून नाही. नाव लिहिलं तर कुणीतरी ते तिकीट (म्हणजे मदतकक्षात नोंदवलेली माझी तक्रार) शोधून काढेल, समोर '१९ दिवस, २३ ईमेल' असा आकडा दिसेल, आणि मी जिचं कौतुक करायला बसले आहे त्या व्यक्तीलाच बोलावून 'इतका वेळ का लागला?' असं विचारलं जाईल. ते मला नको आहे. ती व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हेही मला ठाऊक नाही. नावावरून कळत नव्हतं आणि मी विचारलं नाही. मराठीत 'त्यांनी' म्हटलं की आदरही राहतो आणि प्रश्नही मिटतो, म्हणून पुढे 'त्यांनी' असंच लिहिते.

घडलं ते असं. एका प्रवासवर्णनाची शेवटची मुद्रितं चालली होती. तुमच्या लेखन-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेखक आणि मी एकाच फाइलवर काम करत होतो. छपाईला फाइल जायला पाच दिवस उरले असताना सकाळी लेखकांचा फोन आला. "अहो बाई, माझ्या दऱ्यांचा तुम्ही दर्या कशाला केलात?"

मी फाइल उघडली. पान १२ वर 'दऱ्या' नीट होत्या. पान १३ वर त्याच डोंगरातून चाललेला माणूस एकदम 'दर्या' ओलांडत होता. पुढे बघते तर 'आचाऱ्यांनी' पातेलं उतरवलं होतं ते 'आचार्यांनी' उतरवलेलं, 'वाऱ्यावर' चं 'वार्यावर', आणि 'जाणाऱ्या', 'येणाऱ्या', 'बसणाऱ्या' यांची तर जागोजागी वाट लागलेली. मराठीत '-णाऱ्या' शिवाय एक पान सरत नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही की मी हात लावलेल्या ओळीच बिघडल्या होत्या. लेखकांनी टाइप केलेलं जसंच्या तसं शाबूत. चुका काढायला ठेवलेल्या बाईच्याच हातून चुका होत होत्या, असं चित्र दिसत होतं, आणि लेखकांच्या आवाजातला संकोच मला ते चित्र अधिकच ठळक करून दाखवत होता.

ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी थोडं थांबते. आमच्या लिपीत 'र' ला पुढचं अक्षर जोडायचे दोन प्रकार आहेत. एकात तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, त्याला आम्ही रफार म्हणतो: 'सूर्य', 'कार्य', 'दर्या'. दुसऱ्यात तो अक्षराच्या आधी, आडव्या पापणीसारखा चिकटतो: 'दऱ्या', 'तऱ्हा', 'बिचाऱ्या'. फरक दिसायला केसाएवढा, अर्थाला मात्र समुद्राएवढा. 'दर्या' म्हणजे सागर, 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. 'आचार्य' म्हणजे गुरू, 'आचारी' म्हणजे स्वयंपाकी, आणि 'आचाऱ्यांना' बोलावलं की 'आचार्यांना' हे फक्त त्या पापणीवर ठरतं. बिघडलेला शब्दही कधीकधी खराखुरा शब्द असतो, तिथे स्पेलचेकर तक्रार करत नाही.

मी तुमच्या मदतकक्षाकडे गेले. आधी चॅटबॉट भेटला. त्याने सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं, कॅशे रिकामी करायला सांगितली, फाँट बदलून बघायला सांगितलं. तिन्ही केलं. मग तिकीट उघडलं. तिथून उत्तर आलं, तेही फाँट बदलण्याचंच, खाली मदतीच्या पानाची लिंक. ४० मिनिटांत तिकीट 'निराकरण झाले' असा शिक्का मारून बंद.

हे ४० मिनिटांचं तिकीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी चिडून दुसरं तिकीट उघडलं आणि या वेळी पान १२ आणि पान १३ चे स्क्रीनशॉट जोडले. ते ज्यांच्याकडे गेलं, त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. त्यातल्या तीन वाक्यांचा आशय असा होता: मला तुमची लिपी वाचता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या दोन चित्रांत मला फरक दिसतो, पण कुठलं बरोबर आणि कुठलं चूक ते कळत नाही. कृपया ते दोन्ही शब्द चित्र म्हणून न पाठवता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पाठवा आणि कुठल्या कीबोर्डने टाइप केले तेही लिहा.

इतक्या वर्षांत मदतकक्षाकडून 'मला येत नाही' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले. खरं सांगते, आधी धसकाच घेतला, म्हटलं संपलं, आता ह्यांना अ, आ, ई पासून शिकवायचं. पण प्रश्न बघा किती नेमके होते. चित्र नको, मजकूर हवा. कीबोर्ड कुठला. ज्याला ठाऊक असतं की दिसतं एक आणि आत साठवलेलं असतं दुसरंच, तोच असं विचारतो.

संध्याकाळी त्यांचं दुसरं पत्र आलं. पहिलंच वाक्य: "माझ्याकडेही तसंच होतंय."

या वाक्यावर मी जरा रेंगाळणार आहे. संगणकाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा ऐकायला मिळतं ते 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय'. त्याचा उघड अर्थ काहीही असो, पोचणारा अर्थ असतो 'तुमचंच काहीतरी चुकतंय'. मग माणूस स्वतःवर शंका घेतो. मीही घेतली होती. रात्री दोनदा उठून मी माझ्याच जुन्या फाइली तपासल्या होत्या. 'माझ्याकडेही तसंच होतंय' म्हणजे समोरच्याने तुमचे दोन शब्द घेतले, आपल्या यंत्रात घातले, जतन केले, पुन्हा उघडले आणि बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. अजून काहीही दुरुस्त झालेलं नव्हतं, पण मी एकटी नव्हते. डॉक्टरने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं की अर्धं दुखणं तिथेच हलकं होतं, तसं.

त्यांनी दोन्ही शब्दांची चिरफाड करून पाठवली होती. पापणीचा 'र' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'ऱ' हे वेगळं अक्षर, यू+०९३१, त्यावर हलंत (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आणि मग 'य'. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलंत, त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, यू+२००डी, आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लेखकांचा कीबोर्ड पहिल्या रीतीचा, माझा जुना कीबोर्ड दुसऱ्या रीतीचा. आणि तुमच्या शेवटच्या अपडेटमध्ये, फाइल जतन करताना न दिसणारी चिन्हं गाळून टाकण्याची सोय आली होती. ते चिन्ह गेलं की 'र', हलंत आणि 'य' एवढंच उरतं, आणि नियमाप्रमाणे 'र' उडी मारून डोक्यावर बसतो. दऱ्यांचा दर्या होतो.

ती सोय ज्यांनी केली त्यांना मी दोष देत नाही. न दिसणारी चिन्हं घुसवून फसवे पत्ते आणि खोटी नावं बनवली जातात, हे खरंच आहे. पण त्यावर विचार आधीच होऊन गेलेला आहे. इंटरनेटवरच्या पत्त्यांमध्ये इंग्रजीखेरीज इतर लिप्या वापरण्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले नियम आहेत, त्यांत हे चिन्ह सरसकट बंद केलेलं नाही: आधी हलंत असेल तर चालेल, नसेल तर नाही. या नियमाचा क्रमांक मला माझ्या मदतनिसांनी पाठवला. मराठी न येणाऱ्या व्यक्तीने माझ्या लिपीबद्दलचा नियम शोधून मला शिकवला. मी ३० वर्षं 'ऱ्य' लिहिते आहे आणि त्याच्या पोटात काय आहे हे मला माहीत नव्हतं.

आता एक चूकही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई भारावून गेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला अपडेटच्या आधीची आवृत्ती परत आणायला सांगितलं. मी आणली, आणि त्यासरशी मधल्या दोन दिवसांतल्या दुरुस्त्या गेल्या. मला ते कळायच्या आत, तासाभरात, त्यांचंच पत्र आलं: "मी तुम्हाला अर्धवट सूचना दिली. आधी चालू फाइलची प्रत काढायला सांगायला हवं होतं. चूक माझी. पण ती आवृत्ती सर्व्हरवर आहे, ती अशी मिळेल." मिळाली. 'झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की डोळे त्यावरून घसरतात. 'चूक माझी' यावरून घसरले नाहीत.

छपाईची तारीख मात्र डोक्यावर होती. त्यांनी स्पष्ट लिहिलं की दुरुस्ती तुमच्या तारखेच्या आत होणार नाही, वाट बघू नका. मग मार्ग दिला: जुनी आवृत्ती साध्या मजकुरात बाहेर काढा, दुसऱ्या एका मोफत एडिटरमध्ये (होय, तो तुमचा नव्हता) 'र, हलंत, जॉइनर' हे त्रिकूट शोधून सगळीकडे 'ऱ, हलंत' करा आणि मजकूर परत आणा. त्यात गाळण्यासारखं काही उरतच नाही. आणि एक इशारा: जे आधीच बिघडलं आहे ते आपोआप दुरुस्त करायला जाऊ नका, कारण बिघडलेला 'दर्या' आणि खरा 'दर्या' आता आतूनही एकच आहेत, ते माणसालाच वाचून ठरवावं लागेल. पुस्तकात खरोखरच एक समुद्रकिनाऱ्याचं प्रकरण होतं. सरसकट बदल केला असता तर सगळे दर्यावर्दी दरीत पडले असते.

दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून मी रात्रभर वाचलं. फाइल वेळेत गेली.

इथे माझं काम झालं होतं. तिकीट बंद केलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी ते बंद केलं नाही. त्यांचं म्हणणं, तुमची अडचण टळली आहे, सुटलेली नाही. पुढचे दोन आठवडे ते अभियंत्यांच्या मागे लागले होते, हे मला त्यांच्या त्रोटक पत्रांवरून कळत होतं. एका लिपीतल्या एका जोडाक्षरासाठी कोण रांग मोडणार? मग त्यांनी एक युक्ती केली आणि ती मला मोठ्या आनंदाने कळवली. आई, बाबा आणि मूल एकत्र दिसणारी कुटुंबाची इमोजी असते ना, तीही आत वेगवेगळ्या चेहऱ्यांची बनलेली असते आणि त्यांना जोडणारं चिन्ह हेच, यू+२००डी. त्यांनी ती इमोजी फाइलमध्ये घातली, जतन केली, उघडली. कुटुंब विभक्त! तिघं तीन दिशांना. तो स्क्रीनशॉट त्यांनी बगच्या (सॉफ्टवेअरमधल्या दोषाच्या) नोंदीला जोडला, आणि जे अभियंते माझ्या दऱ्यांकडे बघून डोकं खाजवत होते त्यांना क्षणात कळलं. (एका इमोजीमुळे माझ्या भाषेचं ऐकलं गेलं याचा राग यायला हवा की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.)

त्याच नोंदीत त्यांनी आणखी दोन शब्द जोडले होते: सिंहली लिपीतला 'श्री', ज्याच्या पोटात हेच चिन्ह असतं, आणि फारसीतला एक शब्द, जिथे याचं भावंड, न जोडणारं चिन्ह, लागतं. तक्रार एका मराठी बाईची होती. शोध त्यांनी तक्रार न केलेल्यांसाठीही घेतला.

१९ व्या दिवशी अपडेट आला. त्यांचं शेवटचं पत्र होतं: तुमच्या स्वतःच्या फाइलवर करून बघा, तुम्ही 'ठीक आहे' म्हणाल तेव्हाच बंद करते किंवा करतो (इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, म्हणून दोन्ही लिहिते). मी बघितलं. दऱ्या जागच्या जागी होत्या.

आता तुमच्या टेबलावरच्या कागदाकडे येऊ. पहिल्या ४० मिनिटांच्या तिकिटाचे आकडे सुरेख असणार: झटपट उत्तर, एकाच पत्रात निकाल. दुसऱ्याचे लाजिरवाणे: १९ दिवस, २३ पत्रं, एक चुकीची सूचना, वर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची शिफारस. त्या कागदावर पहिली व्यक्ती कार्यक्षम ठरते आणि दुसरी रेंगाळणारी. पहिल्या व्यक्तीलाही मी नालायक म्हणत नाही. तिला बहुधा दिवसाकाठी किती तिकिटं बंद करायची याचं लक्ष्य असेल, आणि देवनागरीच्या तक्रारी बऱ्याचदा फाँटच्याच असतात. लक्ष्य गाठायचं तर अंदाज ठोकून पुढे जाणं भागच आहे. माझा प्रश्न त्या व्यक्तीला नाही, लक्ष्य लिहिणाऱ्याला आहे.

तिकीट बंद झाल्यावर मला नेहमीचा सर्व्हे आला: आमची शिफारस कराल का, ० ते १० मध्ये सांगा. हा प्रश्न २००३ मध्ये व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांच्या लेखातून सगळीकडे पसरला, आणि त्याचा हिशेब गमतीचा आहे. ९ आणि १० देणारे चाहते, ० ते ६ देणारे नाराज, आणि ७-८ देणारे ना इकडे ना तिकडे. चाहत्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की तयार झाला गुणांक. मी ज्या शाळेत शिकले तिथे १० पैकी ८ म्हणजे पाठीवर थाप होती. मराठी निबंधाला ९ तर बाईंनी कधी कुणाला दिलेच नाहीत. माझ्यासारखी कितीतरी माणसं मनापासून खूश होऊन ८ देत असतील आणि तुमच्या बेरजेत त्यांचा आनंद धरलाच जात नसेल. ६ देणारा तर 'बरं होतं की' म्हणत असतो आणि तुम्ही त्याला वैऱ्यांत ढकलता. मी १० दिले. पण कुणाला दिले? प्रश्न कंपनीबद्दल होता. कंपनीच्या अपडेटने माझी झोप उडवली होती, कंपनीच्या चॅटबॉटने मला फिरवलं होतं. १० होते त्या एका व्यक्तीचे, आणि ते लिहायला चौकट होती फक्त २५० अक्षरांची. म्हणून हे पत्र.

मागणं फार नाही. ज्यांच्याकडे अवघड तिकिटं जातात त्यांच्या वेळेवरचं घड्याळ काढून घ्या. सोप्या तिकिटांवर हवं तर राहू दे. मदतकक्षातल्या माणसाला अभियंत्याशी थेट बोलता येऊ दे. माझ्या मदतनिसांना तो स्क्रीनशॉट पोचवता आला म्हणून काम झालं. तीन पायऱ्या चढून गेला असता तर वाटेत 'फाँटची समस्या' होऊन बसला असता. 'मला हे येत नाही' म्हणणाऱ्याचे गुण कापू नका. आणि ज्या पत्त्यावर उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून पत्रं पाठवणं एकदाचं थांबवा. माणूस बोलतो आणि कान झाकून घेतो, तसं वाटतं ते.

चॅटबॉट काढा असं म्हणत नाही. पासवर्ड विसरलेल्याला त्याचा उपयोग होत असेल. फक्त त्याच्याकडून माणसाकडे जाणारं दार पहिल्याच पडद्यावर दिसू दे. मला ते चौथ्या पडद्यावर, राखाडी अक्षरांत सापडलं, आणि ते शोधताना माझा चष्मा दोनदा पुसून झाला होता.

कळावे,
आपली,
एक मुद्रितशोधक

ता.क. सर्व्हेच्या त्या २५० अक्षरांत मी, जुन्याच कीबोर्डने, 'मनापासून मदत करणाऱ्या व्यक्तीस धन्यवाद' असं लिहिलं होतं. पोचपावतीच्या ईमेलमध्ये ते 'करणार्या व्यक्तीस' होऊन परत आलं. नवीन तिकीट उघडलं आहे, दोन्ही शब्द साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जोडून. घाई नाही.